सातबाऱ्यावर नाव आहे, पण मालकी?

श्रोतेहो, नमस्कार. शहरालगत जागेसह घर घ्यायचे ठरले की विकणारा सातबारा पुढे करतो, आणि त्यावर त्याचे नाव दिसले की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. माझे कळकळीचे सांगणे आहे की तेवढ्या भरवशावर विसारसुद्धा देऊ नका. सातबारा हे महसुली दप्तराचे पान आहे. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमानुसार त्यातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते; मात्र केवळ अशा नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे.

तरीही सातबारा बारकाईने वाचावा, कारण पुढचा माग त्यातूनच लागतो. खातेदाराच्या नावापुढे फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तो फेरफार काढून ही जमीन या नावावर कशी आली ते पाहावे. समजा, वडिलांच्या मृत्यूनंतर वारसनोंदीत तिघा भावांची नावे लागली आणि दोघी बहिणींची राहून गेली. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले नसेल, तर त्यांचा हिस्सा शाबूत असतो आणि तुमच्या खरेदीनंतरही त्या दावा लावू शकतात. ही सुटलेली नावे आजच्या उताऱ्यावर दिसत नाहीत. त्यासाठी वारस फेरफार आणि जुने हस्तलिखित उतारे काढावे लागतात, शेजारीपाजारी विचारावे लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाचे नाव आहे का, तेही पाहावे. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली, असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न येतो.

नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक पाहतात. जुन्या सोसायटीतील सदनिका घेताना हे पत्रक अवश्य काढावे, कारण अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणे, झाले नसेल तर इमारतीखालची जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर दिसते. नव्या प्रकल्पाची माहिती महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मिळते.

यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनचा, म्हणजे मालमत्तेच्या नोंदणीकृत दस्तांच्या सूचीचा, शोध घ्यावा; वकील साधारणतः 30 वर्षांचा घेतात. नोंदणी न झालेले मृत्युपत्र किंवा तोंडी वाटणी मात्र या सूचीत सापडत नाही. म्हणून विक्रेत्याकडे मूळ खरेदीखतच पाहायला मागावे. तो केवळ छायाप्रत दाखवत असेल, तर मूळ दस्त कर्जापोटी कुठे ठेवला आहे का, हे त्याला तिथेच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.