सिझेरियनपूर्वीची कोविड चाचणी आणि नुकताच होऊन गेलेला संसर्ग

ठरलेल्या सिझेरियनच्या दोन-तीन दिवस आधी स्वॅब घ्यायचा आणि अहवाल निगेटिव्ह आला तरच शस्त्रक्रियेची वेळ पक्की करायची, ही पद्धत कोविडच्या काळात आपल्याकडच्या अनेक प्रसूतिगृहांत रूढ झाली. जिला कधी कोविड झालेलाच नाही, तिच्या बाबतीत या चाचणीचा अर्थ सरळ होता. मला आज बोलायचे आहे ते वेगळ्या स्त्रीविषयी. सदतिसाव्या आठवड्यात तिला कोविड झाला, ताप उतरला, खोकला थांबला, आणि पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेले असल्यामुळे एकोणचाळिसाव्या आठवड्यात दुसरेही ठरले. आजार सुरू झाल्यापासून चौदाव्या-पंधराव्या दिवशी तिचा स्वॅब घेतला आणि तो पुन्हा पॉझिटिव्ह आला, तर त्या कागदाचे करायचे काय? माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो: नवी लक्षणे नसतील तर तो स्वॅब मुळात घ्यायलाच नको होता. त्याने निर्णय बदलण्याचे कारण नाही, आणि बदललाच तर तो बहुधा चुकीच्या दिशेने बदलतो.

सरसकट चाचणीचा आग्रह ज्यांनी धरला, त्यांना मी नावे ठेवणार नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न दोन रुग्णालयांत २१५ स्त्रिया प्रसूतीसाठी दाखल झाल्या. त्यांतल्या चौघींना कोविडची लक्षणे होती. लक्षणे नसलेल्या २१० जणींची चाचणी केली, तेव्हा २९ पॉझिटिव्ह निघाल्या. आपल्याकडचे चित्रही तसेच होते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या ‘प्रेगकोविड’ नोंदणीत मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळातल्या महाराष्ट्रातील ४,२०३ कोविडबाधित गर्भवतींची माहिती आहे, आणि लक्षणे होती ती त्यांतल्या ५३४ जणींना. म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ जणी चाचणी केली म्हणूनच कळल्या. भूल देणारा डॉक्टर, परिचारिका, आया हे सगळे तासभर एका बंद खोलीत असतात, आणि लस अजून आलेली नव्हती. अशा वेळी प्रत्येकीचा स्वॅब घेणे शहाणपणाचेच होते.

गफलत झाली ती पुढे. संसर्ग शोधण्यासाठी आणलेली चाचणी संसर्ग संपल्याचा दाखला म्हणून मागितली जाऊ लागली, आणि त्या कामासाठी ती योग्य नाही. आरटीपीसीआर विषाणूच्या जनुकीय धाग्याचे तुकडे शोधते आणि ते पुन्हा पुन्हा दुप्पट करून मोजण्याजोगे बनवते. तुकडा जिवंत, वाढू शकणाऱ्या विषाणूतला आहे की मेलेल्या विषाणूचा अवशेष आहे, हे तिला ओळखता येत नाही. लग्न लागून वऱ्हाड निघून गेल्यावरही मांडवात अक्षता सापडतात, तसे हे तुकडे नाकाघशात कित्येक आठवडे सापडू शकतात. दक्षिण कोरियात बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांची २०२० च्या मे महिन्यात बारकाईने तपासणी झाली. अशा २८५ जणांच्या संपर्कात आलेल्या ७९० लोकांवर लक्ष ठेवले, तर त्यांच्यापासून लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत विषाणू वाढवून पाहिला, तो एकातही वाढला नाही. सौम्य किंवा मध्यम आजारात लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनंतर वाढू शकणारा विषाणू सहसा मिळत नाही, असेच अनुभवाला आले. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, बरा झालेला माणूस लक्षणरहित असेल तर ९० दिवसांच्या आत त्याची पुन्हा चाचणी करू नये, असे सांगितले.

काही जण अहवालावरच्या सीटी आकड्यावरून, म्हणजे विषाणूचे तुकडे दिसेपर्यंत ते किती वेळा दुप्पट करावे लागले त्या आकड्यावरून, वाद घालतात. तो चोवीस आहे की तेहेतीस, यावरून स्त्री किती संसर्गजन्य हे ठरवण्याचा मोह समजण्याजोगा आहे. परंतु नमुना कसा घेतला, कोणता संच वापरला यावर तो आकडा हलतो, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, त्यावर विसंबू नये असेच कळवले होते.

नियमही याच दिशेने सरकत गेले. ८ मे २०२० च्या केंद्र शासनाच्या धोरणानुसार सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी, ताप नसल्यास, पुन्हा चाचणी न करता घरी सोडता येत होते. सप्टेंबर २०२० मध्ये आयसीएमआरने प्रसूतीसाठी दाखल होणाऱ्या सर्व गर्भवतींच्या चाचणीची शिफारस केली, पण चाचणीअभावी तातडीची प्रसूती वा शस्त्रक्रिया लांबवू नये, हेही बजावले. ४ मे २०२१ रोजी, दुसरी लाट शिगेला असताना, एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नये असे सांगितले गेले. १० जानेवारी २०२२ रोजी तर लक्षणे नसलेल्या गर्भवतीची, गरज भासल्याशिवाय, चाचणीच करू नये असे स्पष्ट झाले. तरीही ‘निगेटिव्ह आणा, मग या’ हे वाक्य बाह्यरुग्ण विभागांतून लवकर गेले नाही. कागद फाइलला लावला की सर्वांना निर्धास्त वाटते. त्याची किंमत मात्र दिवस भरलेल्या बाईने रांगेत उभे राहून आणि ऐनवेळी दुसरे रुग्णालय शोधून मोजली.

येथे एक आक्षेप रास्त आहे. संसर्गानंतर लवकर शस्त्रक्रिया केली तर धोका वाढतो, हे सिद्ध झालेले नाही का? झालेले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांत शस्त्रक्रिया झालेल्या १,४०,२३१ रुग्णांच्या पाहणीत संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. सात आठवड्यांनंतर ते कधीच संसर्ग न झालेल्यांइतके, म्हणजे १.५ टक्क्यांवर आले. हर्नियाचा रुग्ण सात आठवडे थांबू शकतो. सदतीस आठवड्यांची गर्भवती कशी थांबणार? गर्भाशयावर आधीच्या सिझेरियनचा व्रण असताना कळा सुरू होऊ देणे हा वेगळाच धोका आहे, कारण तो व्रण फाटू शकतो. आजाराचा आठवा-नववा दिवस असेल आणि आई-बाळ दोघे ठीक असतील, तर सिझेरियन दोन-चार दिवस पुढे ढकलणे योग्य. त्याहून अधिक थांबण्यात फायदा क्वचितच असतो. तेवढीही सवड नसेल, तर पुरेशी खबरदारी घेऊन, शक्यतो पाठीत भूल देऊन शस्त्रक्रिया करावी. घशात नळी घालावी लागत नाही, हा आईच्या फुफ्फुसांना आणि खोलीतल्या सर्वांना लाभच आहे.

त्या पाहणीतून मी घेतो तो बोध असा की नुकत्याच बऱ्या झालेल्या स्त्रीच्या नाकापेक्षा तिच्या बाकीच्या शरीराकडे पाहावे. चार पावले चालल्यावर तिला धाप लागते का, ऑक्सिजनची पातळी उतरते का? प्लेटलेट किती आहेत? तीव्र कोविडमध्ये प्लेटलेट घटतात, यकृताच्या चाचण्या बिघडतात आणि चित्र गर्भारपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या विकारासारखे दिसू लागते. दोहोंतला फरक वेळेवर ओळखावा लागतो. स्टेरॉइड दिले असेल तर रक्तातली साखर तपासावी. आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिनची इंजेक्शने चालू असतील, तर शेवटचे इंजेक्शन किती वाजता घेतले हे भूलतज्ज्ञाला कळलेच पाहिजे: कमी रेणुभाराच्या हेपरिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर पाठीत सुई घालण्यापूर्वी किमान बारा तास, उपचाराच्या मात्रेनंतर चोवीस तास जावे लागतात. स्वॅबच्या अहवालासाठी दहा फोन करणारे नातेवाईक हे सांगायला विसरतात, आणि आम्हीही विचारायला विसरतो.

अपवाद आहेत. पुन्हा ताप आला, नवा खोकला सुरू झाला, तर चाचणी करावीच. आजार तीव्र होता किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू आहेत, अशा स्त्रीत विषाणू अधिक काळ टिकतो. तिच्यासाठी दहाऐवजी वीस दिवसांची मर्यादा धरली जाई, आणि शंका असेल तर तज्ज्ञांशी बोलून ठरवावे.

राहता राहिले बाळ. पहिल्या लाटेत पुष्कळ ठिकाणी पॉझिटिव्ह आईपासून बाळ दूर ठेवले गेले, जरी जागतिक आरोग्य संघटनेने सुरुवातीपासून मास्क लावून, हात धुऊन आईनेच बाळाला जवळ घ्यावे आणि पाजावे असे म्हटले होते. मग जी दहा दिवसांपूर्वीच बरी झाली, तिच्या उशिरा उमटलेल्या अहवालावरून बाळाला वेगळ्या खोलीत नेणे कोणत्याच शास्त्रात बसत नाही. तिचे बाळ टाके घालून होईतो तिच्या छातीवर असावे.