म्बालेच्या डोंगरावरचे अबायुदाया: भेटीला जाताना आणि मदत करताना

मंडळी, तुमच्यापैकी काही जणांना युगांडातल्या ज्यू वस्तीला भेट द्यायची आहे, काहींना पैसे पाठवायचे आहेत. दोन्ही चांगलंच आहे. पण आधी ते लोक कोण आहेत ते नीट सांगू द्या, कारण ते समजल्याशिवाय केलेली मदत त्यांना अडचणीची ठरू शकते.

युगांडाच्या पूर्वेला, केनियाच्या सीमेवर एल्गॉन नावाचा प्रचंड जुना ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्याशी म्बाले हे शहर, आणि आजूबाजूच्या खेड्यांत अबायुदाया राहतात. अबायुदाया म्हणजे यहुदी, म्हणजेच ज्यू लोक. नाबुगोये टेकडीवर त्यांचं मुख्य सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आणखी काही गावांत लहान लहान सिनेगॉगं आहेत. सगळे मिळून दोनेक हजार माणसं, बहुतेक शेतकरी. भोवतालचे शेजारी ख्रिस्ती आणि मुसलमान.

हा समाज कुठून स्थलांतर करून आलेला नाही. सेमेई काकुंगुलु हा बुगांडा राज्यातला सेनानी. त्याने इंग्रजांच्या बाजूने लढून पूर्वेचा मुलूख त्यांना मिळवून दिला. बदल्यात तिथलं राजेपद मिळेल अशी त्याची अपेक्षा होती, ती पुरी झाली नाही. मिशनऱ्यांनी आणलेलं बायबल तो स्वतः वाचू लागला आणि त्यातल्या जुन्या करारापाशीच, म्हणजे ज्यूही मानतात त्या भागापाशीच थांबला. 1919 मध्ये त्याने स्वतःची आणि आपल्या मुलांची सुंता केली. बरोबरचे लोक म्हणाले, ही तर ज्यूंची रीत. त्यावर त्याचं उत्तर होतं की मग मी ज्यू. पुढे त्याने लुगांडा भाषेत प्रार्थनांचं आणि नियमांचं पुस्तक तयार केलं. योसेफ नावाचा एक परदेशी ज्यू तिथे आला आणि त्याने पंचांग, हिब्रू अक्षरं, कोशेरचे, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याचे नियम शिकवले. म्हणजे या समाजाला बाहेरून मिळालेली पहिली मदत ज्ञानाची होती. ती पचनी पडली, कारण काय शिकायचं आहे हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

1928 मध्ये काकुंगुलु वारला आणि समाज हळूहळू एकटा पडत गेला. 1971 मध्ये हुकूमशहा इदी अमीन सत्तेवर आला आणि त्याने त्यांच्या उपासनेवर बंदी घातली. सिनेगॉगं बंद झाली. अनेकांनी धर्म बदलला. सुमारे 300 माणसं टिकली, ती घराच्या आत, हळू आवाजात शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस पाळत राहिली. 11 एप्रिल 1979 ला कंपाला पडलं आणि अमीनची राजवट संपली. त्याच संध्याकाळी पेसाह सुरू होत होता, गुलामीतून सुटकेचा सण.

त्यानंतर समाज उभा कोणी केला? तिथल्याच तरुणांनी. ऐंशीच्या दशकात त्यांनी नाबुगोयेवर एकत्र राहून, एकत्र शेती करून म्हाताऱ्यांकडून प्रार्थना गोळा केल्या आणि त्यांना आपल्या चाली लावल्या. आज शुक्रवारी संध्याकाळी तिथे ढोल आणि गिटारच्या साथीने जे गाणं होतं, ते या तरुणांचं आहे. परदेशी संस्था, पाहुणे आणि देणग्या त्यानंतर आल्या. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. मदतीची पत्रकं वाचली की उलटाच समज होतो.

पाहुणे येऊ लागले तसा एक जुना प्रश्नही आला: हे खरे ज्यू का? 2002 मध्ये अमेरिकेतून आणि इस्रायलमधून आलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह या मध्यममार्गी ज्यू पंथाच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी तिथे सुमारे 400 जणांचं विधिवत धर्मांतर केलं. आपण तर आजोबांच्या काळापासून ज्यू, मग धर्मांतर कशाला, असं काहींना वाटलं, आणि ते मला अगदी समजतं. पुट्टी गावातल्यांनी ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ पंथाची वाट धरली. इस्रायलच्या गृह मंत्रालयाने मात्र 2018 मध्ये तिथल्या एका माणसाचा स्थायिक होण्याचा अर्ज फेटाळला.

इथे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, बेने इस्रायलींची आठवण येणं साहजिक आहे. घाणा चालवणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून अलिबाग, पेण भागात त्यांना शनवार तेली म्हणत. दावीद राहाबी बाहेरून आला आणि त्याने त्यांना शिकवलं, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे इस्रायलला गेल्यावर, साठच्या दशकात, लग्नासाठी त्यांची वंशावळ तपासायचा हुकूम निघाला. जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं, तेव्हा 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं. दोन्ही समाजांचा इतिहास वेगळा आहे, त्यांची गल्लत करू नका. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून आपण कोण हे सिद्ध करावं लागणं म्हणजे काय, हे मराठी बोलणाऱ्या हजारो माणसांनी भोगलेलं आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती: तिथे परीक्षक म्हणून जाऊ नका. कोणाला हिब्रू म्हणून दाखवायला लावू नका.

आता मदतीबद्दल. माझं मत स्पष्ट आहे. छोट्या समाजाला परदेशातून येणारा पैसा फक्त त्याच्यापुरता राहिला, तर तो शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो. पाहुणे आठवड्याने घरी जातात. शेजारी आयुष्यभराचे असतात. अबायुदायांच्या पुढाऱ्यांनी हे फार लवकर ओळखलं. तिथल्या शाळांत ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान मुलं एकत्र बसतात. मलेरिया हा तिथे लेकरांचा मोठा शत्रू. म्बालेतल्या त्यांच्या आरोग्य केंद्रात उपचारासाठी कोणीही येऊ शकतो. एकाच घराला मच्छरदाणी देऊन मलेरिया हटत नाही. शेजारच्या घरात चावलेला डास इकडेही येतोच.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो कॉफीचा उद्योग. एल्गॉनच्या उतारावर उत्तम अरेबिका जातीची कॉफी पिकते. शेतकरी मात्र सुटा सुटा माल दलालाला द्यायचे आणि तो सांगेल तो भाव घ्यायचे. जे. जे. केकी हे अबायुदाया शेतकरी. 11 सप्टेंबर 2001 ला ते न्यूयॉर्कमध्ये होते, वर्ल्ड ट्रेड सेंटर बघायला निघालेले. धर्माच्या नावाने काय घडू शकतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर ते शेजाऱ्यांच्या दारोदार फिरले आणि 2004 मध्ये तिन्ही धर्मांच्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली: मिरेंबे कावोमेरा, म्हणजे चविष्ट शांतता. संस्थेचे पदाधिकारीही तिन्ही धर्मांचे. कॅलिफोर्नियातल्या एका कॉफी कंपनीने माल रास्त व्यापाराच्या, म्हणजे शेतकऱ्याला न्याय्य भाव देणाऱ्या दराने घेतला. म्हणजे इथे कोणी दान दिलं नाही, गिऱ्हाईक मिळवून दिलं. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला यातलं बळ वेगळं समजावून सांगायला नको. शेजाऱ्यांशी असं नातं जोडल्याचं फळ आणखी एका ठिकाणी दिसलं. याच समाजातल्या गेरशोम सिझोमु यांनी लॉस एंजेलिसला शिक्षण घेतलं, 2008 मध्ये ते रब्बी झाले आणि गावी परतले. 2016 मध्ये ते युगांडाच्या संसदेवर निवडून गेले. त्या मतदारसंघात ज्यू मतं मूठभर. शेजाऱ्यांनीच त्यांना निवडून दिलं.

तेव्हा पैसे पाठवायचे असतील तर वस्तीच्या नेतृत्वाला आधी विचारा की यंदा काय हवंय: शिक्षकांचे पगार, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या, की औषधं. जुने कपडे परस्पर पाठवू नका. वाटत सुटणारा पाहुणा तर नकोच. मुलांच्या हातात नोटा आणि खाऊच्या गोळ्या देऊ नका.

जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड, म्हणजे लशीचा दाखला, जपून ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात बसावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. कंपालाहून म्बाले रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर, वाटेत जिंजाला नाईल ओलांडावी लागते. सिनेगॉगमध्ये शिरताना चपला बाहेर काढायची त्यांची रीत आहे, तुम्हाला ती जड जाणार नाही. शब्बाथला फोटो काढायचे नाहीत, फोन खिशातच ठेवा. स्वयंपाकासाठी बाहेरचं मांस नेऊ नका. आणि जमलं तर वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जा, कॉफीची तोडणी तेव्हा असते. त्यांना विचारून एखादा दिवस शेतात काढा, आणि येताना कॉफी विकत घ्या, पूर्ण भावाने.