लाव्हा बघायला सहाशे किलोमीटर

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला बोटीत बसवणार आहे, कर्नाटकातल्या उडुपीजवळच्या सेंट मेरीज बेटांवर न्यायला. सोलापुरात बोट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं फार तर कंबर तलाव येतो आणि उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार हेच आपण मोजत बसतो, त्यामुळं आपल्या तोंडी समुद्राची गोष्ट म्हणजे जरा जास्तच वाटेल, पण ऐका.

संक्रांतीची आपली गड्ड्याची यात्रा संपली आणि आठवड्याभरात आम्ही निघालो. मी, बायको, आई आणि नऊ वर्षांचा भाचा. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी, ते तर विचारूच नका. रस्ता एकदम सोपा, आपला विजापूर रोडच धरायचा की ओ. विजापूर, हुबळी, मग घाट उतरून थेट अंकोला, हा एकच हायवे आहे, बावन्न नंबरचा. अंकोल्याला समुद्र दिसला की डावीकडं वळायचं आणि उडुपीपर्यंत खाली जायचं. सगळं मिळून जवळपास सहाशे किलोमीटर. वाटेत मुक्काम केला आम्ही, आईच्या कंबरेमुळं.

उडुपीला लागूनच मालपे म्हणून बंदर आहे, मच्छीमारांचं, सगळीकडं जाळी, बर्फ, मासळीचा वास. तिथनं सेंट मेरीज बेटांना बोट जाते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून बोटी बंद, आणि बेटावर मुक्कामाला परवानगी नाही, सकाळी जायचं, संध्याकाळच्या आत परत. माणसांची वस्तीच नाही तिथं.

बोटीत चढलो तर लाईफ जॅकेट हातात दिलं, नारिंगी, ओलं, आधीच्या माणसाच्या घामाचं. आईनं दोन बोटांत धरलं ते. मग बोटवाल्याशी कन्नडमध्ये सुरू झाली, आई अक्कलकोटची, तिला कन्नड म्हणजे घरचंच. तो पोरगा ऐकत राहिला आणि हसायला लागला. त्याची घरची भाषा तुळू, शाळेतलं कन्नड वेगळं, आणि आमच्या आईचं कन्नड म्हणजे अर्धी ज्वारी अर्धी मराठी. तरी दोघांचं जमलं, त्यानं आईला इंजिनापासून लांब, सावलीची जागा दिली. बाकी आम्ही उन्हात.

अर्ध्या तासाच्या आत बेट आलं. बेटाजवळ पाणी उथळ असल्यामुळं मोठी बोट अलीकडंच थांबली, मग छोट्या होडीत उतरायचं. ती होडी वर-खाली होतेय, मोठी बोट वर-खाली होतेय आणि मधल्या फटीवरनं पाय टाकायचा. मी घाबरलो, कबूल करतो. आई माझ्या आधी उतरली.

आता खरी गोष्ट. बेट लै मोठं नाही, उंची म्हणाल तर दहा मीटरच्या आसपास, नारळाची झाडं आहेत म्हणून कोकोनट आयलंड म्हणतात. अशी मुख्य चार बेटं आहेत. वास्को द गामा 1498 मध्ये इथं आला आणि त्यानं मेरीचं नाव दिलं असं सांगतात. पण मला त्या गामाचं काही विशेष वाटलं नाही, मी बघत बसलो दगड. सगळं बेट खांबांचं. कुणीतरी पेन्सिलींचा जुडगा बांधून उभा केल्यासारखे खांब, कुठं सरळ, कुठं तिरके, आणि वरनं बघितलं तर प्रत्येकाला कोपरे, पाच, सहा, क्वचित सात. मी एकावर बसलो, आपल्या स्टुलाएवढा होता, ऊन लागून तापलेला, मधोमध खळग्यात समुद्राचं पाणी साठलेलं आणि त्यात नखाएवढा एक खेकडा.

भाच्यानं विचारलं, मामा, हे कुणी कापले? मी म्हटलं, शेतातल्या भेगा बघितल्यास ना?

तुम्हीपण तेच आठवा. मे महिन्यात आपलं काळं रान फाटतं, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती वाळली की आकसते, आकसली की फाटते, आणि भेगा एकमेकींना भेटून तुकडे पाडतात. रब्बीच्या ज्वारीत आपण कोळपणी करून त्या भेगा बुजवतो, ओल उडू नये म्हणून. इथं मातीच्या जागी लाव्हा, म्हणजे जमिनीच्या पोटातनं वर आलेला वितळलेला दगड. तो थंड झाला, आकसला, वरनं फाटला आणि जसजसा आत थंड होत गेला तसतशी भेग खाली खाली उतरत गेली, म्हणून नुसते तुकडे न पडता खांब झाले. सुतार नाही, गवंडी नाही.

आणि हा लाव्हा आपल्याकडच्यापेक्षा जुना आहे. सोलापूरची जमीन पण लाव्हाचीच. विहीर खणली की आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि तिथं बोअरवाल्याचं मीटर पळायला लागतं. हा आपला पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर, अजून जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. बेटांवरचा साडेआठ-नऊ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा मादागास्कर आपल्याला चिकटून होता आणि तो सुटताना, तुटताना हा लाव्हा वर आला असं शास्त्रज्ञ म्हणतात, कारण त्याच वयाचे दगड तिकडं मादागास्करमध्ये पण सापडतात. म्हणजे मी ज्या स्टुलावर बसलो होतो तो एका वाटणीचा कागद समजा. भावकी लै जुनी आहे.

म्हणूनच भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं या बेटांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक केलंय. गार्ड शिट्टी घेऊन फिरत असतात. निसरड्या खांबांवर सेल्फीला गेलं की शिट्टी, दगडावर दगड आपटला की शिट्टी. आमच्या शेजारी एक गृहस्थ चावीनं खांबावर नाव कोरायला लागले होते, मराठीच होते, त्यामुळं मला जास्त लाज वाटली. शिट्टी वाजली तर वर म्हणतात काय, एवढा दगड पडलाय, एका नावानं काय होतंय? आपल्या भुईकोट किल्ल्यात बघा मग काय होतंय ते.

आणि एक सांगू का, वाळू फारशी नाहीच तिथं, किनारा सगळा शंखशिंपल्यांचा. चालताना करकर आवाज येतो, अनवाणी गेलात तर टोचतंय, चप्पल घालून जा. पाण्यात कुठंपण उतरू नका, दाखवलेल्या जागीच. पिण्याचं पाणी बरोबर न्या, आणि बाटली परत आणा.

परत आलो, चार दिवसांनी मशीनमधनं कपडे काढताना भाच्याच्या चड्डीच्या खिशात खडखड. एक शिंपला, दोन शंख आणि बोटाच्या पेराएवढा दगडाचा तुकडा. तुटलेला पडला होता म्हणे, मी तोडला नाही. खरं असेल. पण आता तो टीव्हीजवळ वाटीत पडलाय आणि येता-जाता आई विचारते, परत कधी नेऊन टाकणार? तर मंडळी, तुमच्यातलं कुणी मालपेला जाणार असेल तर कळवा, पोरगा तुमच्याकडं वाटी द्यायला तयार आहे, फक्त शिंपला ठेवू का, एवढं विचारतोय.