चौथ्यांदा वाजवल्यावर

डीजे नवा ट्रॅक कसा पारखतो, ते आज बघू. आधी एक रेकॉर्ड बघा. [पडद्यावर: जुन्या एलपीचं कव्हर]

१९८२, मुंबई. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांमध्ये साथीला वाजवणारे कलाकार. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र, आणि भैरव, ललित, भूपाली असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड निघाली आणि पडून राहिली. जगाला तिचा पत्ता लागला तो जवळजवळ तीस वर्षांनी, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा. लोक ऐकून चाट पडले, कारण हा तर थेट ॲसिड हाऊससारखा आवाज, म्हणजे शिकागोत पुढे जन्मलेल्या क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक संगीतासारखा!

आता शिकागोला चला. तिथेही तेच टीबी-३०३. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं हे यंत्र. त्या कामात ते सपशेल आपटलं आणि जुन्या सामानाच्या दुकानांत मातीमोल भावात मिळायला लागलं. फ्युचर नावाच्या तिघांच्या गटाने, म्हणजे डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, ते घेतलं, त्याची बटणं नको तेवढी पिळली आणि त्यातून जे काही चिरकत, गुरगुरत बाहेर आलं ते टेपवर घेतलं. ती टेप गेली म्युझिक बॉक्स क्लबच्या डीजे रॉन हार्डीकडे.

पुढची गोष्ट पिएरने अनेकदा सांगितली आहे. हार्डीने ट्रॅक लावला आणि फ्लोअर रिकामं झालं. तिघांचे चेहरे पडले. थोड्या वेळाने हार्डीने तोच ट्रॅक परत लावला. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा लागला तेव्हा त्याच लोकांनी क्लब डोक्यावर घेतला. लोकच त्याला ‘रॉन हार्डीचा ॲसिड ट्रॅक’ म्हणायला लागले आणि १९८७ मध्ये रेकॉर्ड निघाली ती ‘ॲसिड ट्रॅक्स’ याच नावाने.

आपण समजतो की डीजे ऐकतो, त्याला आवडतं, मग तो वाजवतो. हार्डीने मात्र एकाच रात्रीत लोकांचा नकार तीनदा झेलला. मुंबईत टीबी-३०३ होतं, पण ती रेकॉर्ड चार वेळा लावणारा कुणी तिला भेटला नाही. हे माझं मत हं, इतिहासकारांचं नाही.

बरं, ट्रॅक घरीच का नाही पारखत? कारण घरचे स्पीकर खोटं बोलतात. पन्नास हर्ट्झच्या खालचा बेस तुमच्या मोबाइलमधून येतच नाही. शिवाय बऱ्याच क्लबांची सिस्टिम मोनो असते, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून वाजवते. स्टुडिओत डावी-उजवीकडे छान पसरलेला बेस तिथे एकमेकांना मारतो आणि गायब होतो. म्हणून नव्वदीच्या दशकात लंडनचे जंगल आणि ड्रम अँड बेस या वेगवान ठेक्याच्या संगीताचे डीजे डबप्लेट, म्हणजे एकच प्रत असलेली तात्पुरती रेकॉर्ड, कापून घ्यायचे. ही युक्ती मूळची जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांची. ॲल्युमिनियमची तबकडी, वर लॅकरचा थर. काही डझन वेळा वाजली की झिजून संपली! पण शनिवारी रात्री ट्रॅक चालतो की नाही एवढं कळायला ती पुरते. म्युझिक हाऊस या स्टुडिओत ती कापायला रांग लागायची, आणि रांगेत बसल्या बसल्या दुसऱ्याने काय आणलंय तेही कानावर पडायचं. अर्धी देवाणघेवाण तिथेच.

आज नवे ट्रॅक डीजेंपर्यंत पोचवायचं हे काम ईमेलवर होतं. लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, लिंक पाठवते, डीजे डाउनलोड करतो, बदल्यात दोन ओळींचा अभिप्राय द्यायचा. मोठ्या डीजेंचे अभिप्राय पुष्कळदा त्यांची माणसंच भरतात. आणि ऐकणं म्हणजे काय, तर वेव्हफॉर्मवर, म्हणजे पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखावर, इथे एक क्लिक, तिथे एक क्लिक, दहा सेकंद, पुढचा. मीही असंच करतो, खोटं कशाला बोलू!

गोव्यात असं करायची सोयच नव्हती. हणजूण, वागातोरच्या पार्ट्या किनाऱ्यावर नाहीतर झाडाखाली. ऊन, धूळ, त्यात व्हिनाइल वाकायची. म्हणून तिथे आधी साध्या कॅसेट आणि नव्वदीच्या सुमारास डॅट, म्हणजे डिजिटल आवाज साठवणारी छोटी टेप, आली. [काडेपेटीपेक्षा जरा मोठी कॅसेट कॅमेऱ्यासमोर] लंडन, जर्मनी, इस्राएलमधून सीझनला येणारे प्रोड्यूसर अजून न निघालेले ट्रॅक या टेपवर घेऊन यायचे.

डॅट वाजवणाऱ्या छोट्या वॉकमनवर ट्रॅकचा वेग मागेपुढे करता येत नाही. म्हणजे दोन ट्रॅकचे ठेके जुळवून मिक्स करणं विसरा. एक विरत जाणार, दुसरा हळूहळू वर येणार. गोवा ट्रान्सच्या, म्हणजे या पार्ट्यांतल्या संगीताच्या, ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ती बिनठेक्याची, तरंगणारी मिनिटं असतात ना, ती तिथे फार कामाला यायची.

आणि कॉपी? दोन वॉकमन केबलने जोडायचे, एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड. ट्रॅक आठ मिनिटांचा असेल तर आठ मिनिटं लागणार, त्याहून कमी नाही. तेवढा वेळ देणारा आणि घेणारा समोरासमोर, आणि ट्रॅक अथपासून इतिपर्यंत कानावर. आवडला नाही तर ते चेहऱ्यावर दिसणारच.

गोव्याच्या या पार्ट्यांचा जुना डीजे गोवा गिल २०२३ मध्ये वारला. लॅपटॉप, पेनड्राइव्ह सगळं आलं तरी त्याने डॅट सोडली नव्हती. दोन वॉकमन, मध्ये एक मिक्सर, आणि शेजारी टेपांची चळत.