बर्फीवरचा र

श्रोतेहो, नमस्कार. परदेशातलं वाचनाचं धोरण आपल्या शाळेत आणावं का, यावर आज थोडं बोलू या.

इंग्लंडात 2012 पासून पहिलीच्या मुलांची ध्वनिचाचणी होते. चाळीस शब्द वाचायचे, त्यातले निम्मे चक्क बनावट, अर्थ नसलेले. शब्द पाठ करून आलेलं पोरगं तिथेच सापडतं. फिनलंडात मूल शाळेत जातं सातव्या वर्षी, तरी 2000 च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, वाचनात तेच पहिले. झालं, जगभरची शिष्टमंडळं तिकडे धावली. पण फिनिश जवळपास बोलतात तशीच लिहितात. इंग्रजीचं तसं नाही.

आता नागपूरच्या महाल भागातली गोष्ट ऐका. शेजारची दुसरीतली पोरगी आमच्याकडे खेळायला आली. तिच्या शाळेत इंग्रजी धर्तीची कार्डं आलेली. अक्षर दिसलं की आवाज काढायचा, डावीकडून उजवीकडे, ओळीनं. समोर संत्रा बर्फीचा डबा. 'संत्रा' झालं. पुढे ब, फ, ई आणि सगळ्यात शेवटी र. "बफीर! बफीर म्हंजे काय वं आजी?"

आमच्या आई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, तो र फ च्या डोक्यावर बसला नं, त्याले पहिले घे. मंग फ ले."

पोरीनं बोट ठेवलं. ब, र, फी. बर्फी! दोन वड्या तोंडात टाकल्या आणि निघाली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मार्च. कार्तिक. मार्गशीर्षात दोन र निघाले, तेव्हा तर घर डोक्यावर घेतलं.

तर ध्वनी नीट शिकवा, हे इंग्लंडचं म्हणणं घ्यावं. कार्डं घेऊ नयेत. पुन्हा सांगतो, कार्डं घेऊ नयेत. कारण आपली पहिली वेलांटीही लिहिताना व्यंजनाच्या आधी, बोलताना नंतर.

उलटंही घडलंय. इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार मुलांचे गट करायची आपल्या 'प्रथम' या शिक्षणसंस्थेची पद्धत झांबियात गेली, पण शिकवणं तिथल्या भाषांतून.

आपल्याकडे 'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं अभियान 2021 मध्ये सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मूल वाचतं व्हावं, मुदत 2026-27. त्यात बनावट शब्दांची युक्ती मला हवीच वाटते, फक्त शब्द मराठी वळणाचे पाहिजेत: 'मर्टू', 'लिप्रो', 'किर्झा'. आज रात्री जेवणं झाल्यावर पाटीवर लिहून द्या पोरांना.