पणजोबांची अमावास्या

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी पणजोबांचा पक्ष सर्वपित्री अमावास्येला घालतात. लहानपणी मला याचं कोडं पडायचं. पणजोबा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात गेले, एवढं घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. शस्त्राने गेलेल्याचं श्राद्ध चतुर्दशीला, घातचतुर्दशीला करतात. मग आमचीच अमावास्या का? आजीला विचारलं की ती म्हणायची, "सासूबाईंनी तसंच सांगून ठेवलंय. गोळी नव्हती लागली त्यांना."

याहून जास्त कुणाला काही माहीत नव्हतं. कुणी म्हणे, इराकमधल्या बसऱ्याला त्यांची समाधी आहे.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचं एक पदक होतं. खरं तर दोन होती. चांदीचं होतं त्याची मोठ्या आत्याच्या लग्नात जोडवी झाली. दुसरं काशाचं, मोडीत काही मिळायचं नाही म्हणून राहिलं. मी ते चिंचेने घासलं आणि उन्हात धरलं, तेव्हा कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली: नंबर, शिपाई हा हुद्दा, नाव, आणि शेवटी ११० मराठा लाइट इन्फन्ट्री. शंभर वर्षं ती अक्षरं घरातच होती, आणि आम्ही पदकाची नुसती पुढची बाजू बघत होतो.

पलटणीच्या नंबरावरून पुढचा माग लागला. पण इथे एक घोटाळा होतो. आपल्या बेळगावात मराठा रेजिमेंटचं सेंटर आहे, पण ११० नंबरची पलटण आज तिथे विचारून सापडायची नाही. १९२२ साली नंबर बदलले. १०३ची पहिली बटालियन झाली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी. पुढे ती तिसरी बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. तेव्हा घरात जुना नंबर सापडला, तर आधी त्याचा नवा नंबर शोधा.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. बगदादच्या अलीकडून माघार घेत फौज तैग्रिसच्या वळणावरच्या कुत गावात आली, आणि ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांचा वेढा पडला. तो १४७ दिवस चालला. पीठ दिवसेंदिवस कमी होत गेलं. घोडे मारून खाण्याची वेळ आली. आपल्यातल्या कितीतरी शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही. भाजीपाला नाही, त्यामुळे हिरड्या सुजल्या, अंगातलं त्राण गेलं. २९ एप्रिल १९१६ला फौज शरण गेली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली, आणि ऐन उन्हाळ्यात त्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेला नेलं. वाटेत किती जण बसले ते उठलेच नाहीत. जे पोचले त्यांच्यातल्या अनेकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं.

युद्धात कामी आलेल्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनकडे आहेत, त्या घरबसल्या फुकट पाहता येतात. पणजोबांच्या नोंदीतली तारीख १९१६च्या उन्हाळ्यातली निघाली, शरणागतीनंतरची. म्हणजे लढाई संपली होती, गोळीचा प्रश्नच नव्हता. पणजीचं बोलणं शब्दन् शब्द खरं होतं.

तिला कसं कळलं असेल? आजी सांगायची की पणजीने कुंकू पुसलं नव्हतं. युद्ध संपल्यावर पलटणीतला एक सोबती घरी आला, ओसरीवर बसला आणि सगळं सांगून गेला. त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. देह हाती लागत नाही तेव्हा आपल्यात पालाशविधी करतात, तोच हा. तिथी काही सोबत्याला सांगता आली नाही, म्हणून अमावास्या.

आणि समाधी? ती नाही. बसऱ्याला आहे ते स्मारक. कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही अशा ४०,०००हून जास्त सैनिकांचं. १९२९मध्ये ते उभं राहिलं, १९९७मध्ये हलवून शहराबाहेर नेलं. त्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. आपल्याकडच्या फक्त अधिकाऱ्यांची आहेत. साध्या शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे 'आणि इतके इतर हिंदी सैनिक' असा आकडा. आमचे पणजोबा त्या आकड्यात आहेत. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही.

नावं कमिशनच्या नोंदवहीत मात्र आहेत. शोधताना स्पेलिंगवर विसंबू नका, कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय. जिल्हा नीट पाहा. खानापूर बेळगावात होतं तसं तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातही होतं; मी दोन महिने चुकीच्या खानापुरात घालवले. तुमचं घर बेळगावच्या शहापुरातलं असेल तर सांगली संस्थानात शोधा, कारण शहापूर तेव्हा सांगलीकरांचं होतं.

आमच्या नोंदीत गावाच्या आधी पणजोबांच्या वडिलांचंही नाव निघालं. ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. श्राद्धाला बसल्यावर बाबा स्वतःच्या वडिलांचं नाव घ्यायचे, आजोबांचं घ्यायचे, आणि तिसऱ्या नावापाशी अडायचे. मग भटजी सावरून पुढे न्यायचे.

गेल्या अमावास्येला बाबांनी तिन्ही नावं घेतली.

नमस्कार.