जॉन रेनची निवृत्ती

(दृश्य : ठाणे स्थानक, संध्याकाळी साडेसात. कर्जतकडे जाणारी लोकल फलाटाला लागते आहे.)

या गाडीत चढलेला माणूस आधी हाताला कडी शोधतो, पाठीवरची बॅग पोटाशी घेतो आणि नजर मोबाइलमध्ये किंवा कुठेच नाही अशी ठेवतो. शेजाऱ्याचा खांदा अर्धा तास त्याच्या खांद्याला टेकलेला असतो, पण डोंबिवलीला उतरल्यावर त्या शेजाऱ्याचा चेहरा काही त्याला आठवत नाही.

बॅरी आइस्लर या अमेरिकी लेखकाने सुपारी घेऊन माणसे मारणाऱ्या जॉन रेनची कादंबरीमाला २००२ साली सुरू केली, ती याच न पाहण्याच्या सवयीवर. फक्त ती गाडी टोकियोची आहे, यामानोते मार्गाची. ती शहराभोवती साडेचौतीस किलोमीटरचे वर्तुळ घालते, म्हणजे जवळजवळ बोरीबंदर ते ठाणे एवढेच अंतर. त्यामुळे ठाण्याच्या वाचकाला तो डबा वेगळा कल्पावा लागत नाही.

त्या डब्यात रेन एका सरकारी अधिकाऱ्याच्या मागे उभा राहतो आणि हातातल्या छोट्या यंत्राने त्याच्या हृदयातला पेसमेकर बंद पाडतो. माणूस कोसळतो आणि सगळ्यांना वाटते, हृदयविकाराचा झटका आला. मृत्यू नैसर्गिक दिसावा, हीच रेनची ख्याती. मात्र त्याच वेळी मदतीच्या बहाण्याने एक परदेशी प्रवासी पुढे होतो आणि त्याचे हात मेलेल्या माणसाची छाती चोळण्याऐवजी खिसे चाचपू लागतात. डब्यात हे फक्त रेनला दिसते.

माझ्या मते संपूर्ण मालिकेचे बीज त्या दिसण्यात आहे. आइस्लर यांनी सीआयएच्या गुप्त कारवायांच्या विभागात तीन वर्षे काढली होती, टोकियोतल्या कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेत ते ज्युदो शिकले होते. म्हणूनच रेन सरळ वाटेने घरी का जात नाही, गाड्या का बदलतो, चहाच्या दुकानात कोणती खुर्ची निवडतो, हे सारे ते सुताराने रंध्याबद्दल बोलावे इतक्या सहजतेने सांगतात. रेनचे वडील जपानी, आई अमेरिकी, तारुण्य व्हिएतनामच्या युद्धात गेलेले. अशा माणसाला दोन्ही देशांनी परकेच मानले आणि गर्दीत मिसळणे हेच त्याचे घर झाले.

रेनचे नियम तीन : बायकामुलांना हात लावायचा नाही, ज्याची सुपारी आहे त्याच्याखेरीज कोणाला मारायचे नाही आणि एका कामावर दुसरा मारेकरी चालणार नाही. पहिल्याच कादंबरीत त्याच्यापुढे मिदोरीचे नाव येते. ती जॅझ पियानोवादक आहे आणि गाडीत मारलेल्या त्या अधिकाऱ्याची मुलगी आहे. रेन तिला वाचवतो, तिच्यावर प्रेमही करतो.

त्यानंतर तो वारंवार हा धंदा सोडू पाहतो. ओसाकाला जाऊन राहतो, तर जुना पोलीस मित्र तात्सु त्याला शोधून काढतो. ब्राझीलला पळतो, तर सीआयए तिथे पोहोचते. २००७ च्या कादंबरीत तर मित्राला ओलीस धरून त्याच्याकडून तीन खून मागितले जातात. हे सर्व थरारक आहेच, पण बाहेरून आलेली संकटे कोणत्याही रहस्यकथेत असतात.

मला थांबवते ती २००६ ची ‘द लास्ट अ‍ॅसॅसिन’. न्यूयॉर्कमध्ये मिदोरी आपल्या मुलाला वाढवते आहे, हे रेनला कळते. ज्या आजोबांना नातवाने कधी पाहिले नाही, त्यांना मारणारा माणूसच त्याचा बाप आहे. आता हत्यार खाली ठेवण्यासाठी रेनला याहून मोठे कारण मिळणे शक्य नाही. पण त्या घरावर शत्रूंची पाळत आहे, आणि दारापर्यंत पोहोचायचे तर त्याला पुन्हा तीच नजर लागते, तीच वळणावळणाची वाट.

तो वर जातो. बाळाला हातात घेतो. खाली रस्त्यावर पाळत ठेवणारी माणसे उभी असतात, आणि ती कुठे उभी आहेत हे त्याला ठाऊक असते.